रुबेलियसचं गाजलेलं भाषण

फॅनियसवरचा खटला सुरू व्हायच्या आदल्या सकाळी त्याची बायको मनिलिया रुबेलियसच्या घरी आली. आरोपीच्या बायकोनं फिर्यादीच्या वकिलाचा उंबरा ओलांडणं रीतीला धरून नव्हतं. म्हणून ती मागच्या गल्लीतून, डोक्यावरून पदर ओढून आली आणि आधी रुबेलियसच्या बायकोला, ऑपियाला भेटली. ऑपिया अंगणात हरभरे निवडत होती. तिनं नवऱ्याला हाक मारून बाहेर बोलावलं.

"यांना सोडून द्या म्हणायला मी आलेली नाही," मनिलिया उभ्याउभ्याच म्हणाली. "तुमचं काम तुम्ही करा. फक्त एक सांगायचं होतं. यांची जीभ लहानपणापासून अडखळते. घरात, ओळखीच्या माणसांत काही नाही. पण चारचौघांत कुणी घाई केली की शब्दच फुटत नाही. उद्या प्रश्न विचाराल तेव्हा जरा दम धरा. उत्तर उशिरा येतं, पण येतं."

"निश्चिंत असा, बाई," रुबेलियस म्हणाला.

त्या घडीला तो ते मनापासून बोलला होता. मनिलिया परत गेली, आणि तो आत जाऊन पुन्हा आपल्या भाषणाच्या तयारीला लागला.

तयारी त्याला जीव तोडून करावी लागणार होती. रुबेलियस डोंगराळ मुलखातला. त्याच्या घराण्यात कुणी कधी अधिकारावर बसलं नव्हतं, दिवाणखान्यात दाखवायला बड्या घरांत असतात तसे पूर्वजांचे मुखवटे नव्हते. अशा तरुणाला रोममध्ये नाव काढायचं तर एकच वाट होती. एखाद्या नावाजलेल्या माणसावर फिर्याद लावायची आणि भर चौकात त्याला लोळवायचं. आर्टेमॉन नावाच्या ग्रीक गुरूकडे तो बोलण्याची विद्या शिकला होता. आवाज कुठे चढवायचा, कुठे पाडायचा, दोन वाक्यांत किती थांबायचं, मांडीवर थाप कधी मारायची आणि हात छातीवर कधी न्यायचा, सगळं त्यानं घोटून घेतलं होतं. "लोक कानानं ऐकत नाहीत रे, डोळ्यांनी ऐकतात," असं आर्टेमॉन म्हणायचा.

फॅनियस ऑस्टिया बंदरातल्या सरकारी धान्यकोठारांवरचा अधिकारी होता. त्या हिवाळ्यात गहू आटला, पावाच्या भट्ट्यांपुढे बायका एकमेकींच्या झिंज्या उपटू लागल्या, आणि कोठारं उघडून पाहिली तर निम्मी रिकामी निघाली. धान्य कुणीतरी खाल्लं होतं. कोठारं फॅनियसच्या ताब्यात, तेव्हा चोर फॅनियस, इतकं ते सरळ दिसत होतं.

खटल्याच्या दिवशी मात्र काही केल्या रंग भरेना. चौकातल्या बाकांवर न्यायाधीश बसले होते, भोवती बघ्यांचं कडं होतं. पण वारा उलटा होता आणि रुबेलियसचा आवाज पुढच्या रांगेपलीकडे पोचत नव्हता. बचावाचा वकील म्हातारा, मुरलेला. त्याच्या एकेका वाक्याला न्यायाधीश माना डोलवत होते. मागचे लोक हळूहळू शेजारच्या खटल्याकडे सरकायला लागले. तिथे कुणाच्यातरी सुनेची भानगड चालली होती. माणसं निघून जाताना रुबेलियसनं पाहिली. सगळी उमेद आता हातची जाणार असं त्याला वाटलं.

तेव्हा तो फॅनियसकडे वळला.

"कोठाराची किल्ली तुझ्याशिवाय आणखी कुणाकडे होती?"

फॅनियसनं तोंड उघडलं. त्याची मान ताठ झाली, ओठ थरथरले. "डा... डा..."

"किल्ली कुणाकडे होती?" रुबेलियसनं शब्द संपायच्या आत पुन्हा विचारलं.

"डा... डा..."

"साधा प्रश्न आहे. किल्ली!"

फॅनियसचा चेहरा लालबुंद झाला, गळ्याच्या शिरा तटतटल्या. रुबेलियसनं क्षणभर थांबून न्यायाधीशांकडे तोंड केलं आणि दोन्ही हात पसरले. "न्यायाधीशहो, बघा! या माणसाला लाज नसेल, पण याच्या जिभेला आहे. मालकाचं खोटं बाहेर न्यायला ती बिचारी तयारच होत नाही!"

हशाचा असा लोंढा उठला की शेजारचा खटला थांबला आणि सुनेची भानगड सोडून माणसं धावत इकडे आली. कुणीतरी मागून "डा-डा-डा" असं ओरडलं. न्यायाधीशसुद्धा हसले. बचावाच्या म्हाताऱ्यानं नंतर उठून दुसऱ्या एका किल्लीचा विषय काढला, पण एकदा पोट धरून हसलेल्या गर्दीला पुन्हा कान टवकारायला लावणं कुणाच्या बापाला जमत नाही. संध्याकाळच्या आत निकाल लागला. फॅनियस दोषी ठरला. रोमच्या हद्दीत त्याला कुणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, म्हणजे हद्दपारच. तो टिबूरला निघून गेला. आकाश निवळ असलं की टिबूरची टेकडी रोममधल्या कुठल्याही गच्चीवरून दिसते.

लोकांनी रुबेलियसला घरापर्यंत मिरवत आणलं. ऑपियानं दारात त्याची टोगा उतरवून घेतली, तिची घडी घातली, आणि मग विचारलं, "मनिलियाला काय सांगितलं होतं तुम्ही?"

"खटला म्हणजे खटला असतो, ऑपिया."

"हं," ती म्हणाली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. पण त्यानंतर नवऱ्याचं भाषण ऐकायला ती कधी चौकात गेली नाही. डोकं दुखतं म्हणायची.

रुबेलियसचं बस्तान बसलं. सकाळी दारात पक्षकारांची रांग लागू लागली. 'जिभेला लाज आहे' हे वाक्य रोमच्या तोंडी बसलं. भाजीवाल्यानं भाव सांगायला वेळ लावला तरी गिऱ्हाईक तेच ऐकवायचं. अशी बरीच वर्षं गेली.

मग ऑस्टियाहून एक बातमी आली. कोठारांवरचा जुना मुकादम अंथरुणाला खिळला होता आणि मरणाच्या भीतीनं त्यानं शेजाऱ्यापाजाऱ्यांना जमवून सगळं ओकून टाकलं होतं. त्या हिवाळ्यात नदीकडच्या दारानं धान्य काढून त्यानं गलबतवाल्यांना विकलं होतं. दुसरी किल्ली त्याच्याकडे असायची. त्याचं नाव डामा.

रोमनं दोन दिवस चुकचुक केली. स्नानगृहात रुबेलियसच्या एका मित्रानं पाठीला तेल चोळून घेता घेता म्हटलं, "म्हणजे फॅनियस फुकट गेला की रे! पण काही म्हण, भाषण काय झालं होतं!" रुबेलियसला कुणी बोल लावला नाही. वकिलाचं काम वकिलानं केलं, निकाल न्यायाधीशांनी दिला. रुबेलियसनंही मनाची तशीच समजूत घातली, आणि ती बरेच दिवस टिकली.

ती मोडली आर्टेमॉनच्या शाळेत. गुरू आता थकला होता, पण शाळा जोरात चालत होती. त्यानं जुन्या शिष्याला मानानं बोलावलं, पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "आज पोरं तुझ्यासाठी एक खास चीज म्हणून दाखवणार आहेत."

मिसरूड फुटलेला एक देखणा तरुण पुढे आला. पहिल्याच वाक्याला रुबेलियसनं ओळखलं. ते त्याचंच भाषण होतं, शब्दन् शब्द. पोरगा तयारीचा होता. प्रश्नांचा भाग आला तेव्हा तो फॅनियससुद्धा झाला. त्यानं मान ताठ केली, ओठ वेडेवाकडे केले, डोळे बटबटीत केले.

"डा... डा... डा..."

सगळी शाळा खदखदून हसली. आर्टेमॉनचं पोट गदगदत होतं. आणि रुबेलियसला एकाएकी ते ऐकू आलं. इतक्या वर्षांत, ऑस्टियाची बातमी आल्यावरसुद्धा, जे कधी त्याच्या कानात शिरलं नव्हतं, ते शिरलं. फॅनियस अडखळत होता खरा. पण तो उत्तर देत होता. किल्ली कुणाकडे होती असं विचारलं होतं, आणि तो नाव सांगत होता. निम्मं नाव त्यानं सांगितलंही होतं. उरलेलं निम्मं रुबेलियसनं त्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं.

त्याच्या कानशिलांत आग पेटली. मान वर करवेना. पोरगा भाषण संपवून घामाघूम होऊन, कौतुकाच्या आशेनं त्याच्याकडे बघत उभा होता. रुबेलियसच्या तोंडून कसंबसं "छान" एवढंच निघालं.

पोरं पांगल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, हे भाषण शिकवणं बंद करा. तो माणूस निर्दोष होता."

"अरे, मग तर ते आणखीच मोठं!" आर्टेमॉन म्हणाला. "चोराला चोर ठरवायला माझी शाळा कशाला लागते? ते तर कुणीही भाजीवाला करील."

रुबेलियस घरी आला आणि ऑपियाजवळ बसला. त्यानं बोलायला तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला. "मला नका सांगू. मी तेव्हाच ऐकलं होतं, मनिलिया बोलली तेव्हा. ज्यांना सांगायचं ते टिबूरला आहेत."

तो खेचरावर बसून टिबूरला निघाला. वाटभर तो शब्द जुळवत होता. सुरुवात कशी करावी, कुठे थांबावं, क्षमा हा शब्द आधी घ्यावा की शेवटी. चढ लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण भाषण रचतोय. त्यानं ते डोक्यातून झटकलं, आणि पुढच्या वळणावर ते पुन्हा रचायला लागला.

फॅनियसचं घर ऑलिव्हच्या मळ्यात होतं. आतून एक खणखणीत आवाज येत होता. "अरे, फांदी ओरबाडू नका! झाड आहे ते, शत्रूची बायको नाही! खाली जाळी नीट धर, सगळी फळं त्या शेळीच्या पोटात चालली!" गडी हसत होते. बोलणारा अजिबात अडखळत नव्हता. रुबेलियस झाडाआडून पुढे आला आणि त्यानं पाहिलं, बोलत होता तो फॅनियस. केस पांढरे झाले होते, अंग उन्हानं रापलं होतं. त्यानं रुबेलियसला ओळखलं, आणि तोंडातलं वाक्य तिथेच तुटलं. गड्यांनी वळून पाहिलं. मालकाला काय झालं हे त्यांना कळेना.

मनिलिया घरातून बाहेर आली. "तू?" ती म्हणाली. त्या सकाळी तिनं त्याला तुम्ही म्हटलं होतं.

रुबेलियसनं बोलायला सुरुवात केली. वाक्यं रांगेनं, सुरेख निघाली. आपल्या हातून घडलेला अन्याय, वर्षानुवर्षांची झोप उडवणारी बोच... आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात आपसूक छातीवर गेला.

"हात खाली कर," मनिलिया म्हणाली. "इथे न्यायाधीश बसलेले नाहीत."

त्यानं हात खाली घेतला. त्यासरशी पुढची वाक्यं त्याला आठवेनाशी झाली.

फॅनियस जवळ आला. गळ्याच्या शिरा पुन्हा तशाच ताणल्या. "तु... तुला... मा..." रुबेलियस थांबला. या खेपेला तो हलला नाही, मदतही केली नाही. ते थांबणं फार लांबलं.  "...माहीत होतं?"

"तुम्ही निर्दोष आहात हे माहीत नव्हतं," रुबेलियस म्हणाला. "मी स्वतःला विचारलंच नाही. पण जीभ अडखळते हे माहीत होतं. तुमच्या पत्नीनं आदल्या दिवशी येऊन सांगितलं होतं, घाई करू नका म्हणून."

खरं तेवढं बोलायचं असं ठरवून तो बोलला होता. पण मनिलियाचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहिला आणि आपण काय केलं ते त्याला कळलं. फॅनियसला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिनं ते पोटात ठेवलं होतं.

फॅनियस हळूच बायकोकडे वळला. "तू गेली होतीस?" तिच्याशी बोलताना तो अडखळला नाही.

"मला वाटलं, माणूस आहे, समजून घेईल," मनिलिया म्हणाली, आणि तिला पुढे बोलवेना. तिनं तोंड पदरात लपवलं. "मीच हत्यार दिलं हो त्याच्या हातात. मीच दिलं."

गडी जाळी टाकून दूर निघून गेले होते. रुबेलियस तसाच उभा होता. क्षमा मागायला म्हणून आला आणि या घरात उरलं होतं तेवढंही मोडून बसला. आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं. फॅनियसनं बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि रुबेलियसकडे न बघता म्हणाला, "जा."

तो शब्द अगदी स्वच्छ होता.

रोमला परतल्यावर रुबेलियस स्वस्थ बसला नाही. एका लोकप्रतिनिधीच्या मागे लागून त्यानं फॅनियसची हद्दपारी उठवण्याचा ठराव मांडायला लावला, आणि सभेत बोलायची परवानगी स्वतःसाठी मागून घेतली. या वेळी त्यानं काहीही पाठ केलं नाही. मनिलियाचं नाव तोंडून जाऊ द्यायचं नाही, एवढंच मनाशी बांधून तो व्यासपीठावर चढला.

"किल्ली कुणाकडे होती असं मी विचारलं," तो म्हणाला. "फॅनियस डामाचं नाव सांगत होता. मी सांगू दिलं नाही. त्याला वेळ लागतो हे मला माहीत होतं, म्हणूनच घाई केली. तुम्ही हसलात. मला तेच हवं होतं. तो चोर नव्हता. मी..." त्याला पुढचा शब्द सापडेना. तो उभा राहिला.

चौकात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. आणि त्या शांततेत रुबेलियसच्या मनाच्या एका कोपऱ्यानं नोंद केली: धरलंय. सभा धरलीय. असंच थांब, अजून थोडं. तो कोपरा त्याचाच होता. तो त्याला ओळखत होता. त्याला स्वतःची किळस आली, डोळे भरून आले, आणि डोळे भरलेले लोकांना दिसले.

पुढच्या रांगेतली एक म्हातारी हुंदका देऊन रडली. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या चौकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरत गेल्या. "वाहवा, रुबेलियस!" "याला म्हणतात माणूस!" तो हात हलवून थांबवायला लागला, तर टाळ्या आणखी वाढल्या. व्यासपीठावरून उतरताच आर्टेमॉननं त्याला मिठी मारली. म्हाताऱ्याचे गाल ओले झाले होते.

"शेवटी शब्द न सापडल्याचं सोंग! अरे, हे मी शिकवलं नव्हतं तुला! कुठून आणलंस?"

"सोंग नव्हतं, गुरुजी."

"तेच तर!" आर्टेमॉन त्याचे खांदे हलवत म्हणाला. "कुणालासुद्धा वाटलं नाही!"

ठराव पास झाला. दुसऱ्या सकाळी पक्षकारांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. रुबेलियसनं तब्येतीचं निमित्त सांगून सगळ्यांना परत पाठवलं आणि ऑपियाच्या आग्रहावरून घरची छोटी गाडी जोडून पुन्हा टिबूरला गेला. फॅनियसला यायचं झालं तर चालत यायला नको.

फॅनियस अंगणात बसून फाटलेली जाळी विणत होता. त्यानं ठरावाची हकीगत खाली मान घालून ऐकून घेतली. मग विचारलं, "लो... लोक ह... हसले?"

"नाही," रुबेलियस म्हणाला. त्याला पुढचं सांगावंसं वाटेना, पण आता काही लपवायचं नव्हतं. "टाळ्या वाजवल्या."

फॅनियसनं वर पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. एखाद्या चुकल्या वाटसरूकडे बघावं तसं त्यानं बघितलं. "म... मग पुन्हा ते... तेच झालं," तो म्हणाला आणि पुन्हा जाळी विणायला लागला. थोड्या वेळानं त्यानं मानेनं नाही म्हणून सांगितलं. तो रोमला येणार नव्हता.

मनिलिया आतून एक बोचकं घेऊन आली. "मी जाते," ती नवऱ्याला म्हणाली. तिला बंदी कधीच नव्हती. पण बाजारात बायका तोंड फिरवायच्या म्हणून निकालानंतर तिनं रोमचं तोंड पाहिलं नव्हतं. "बहीण म्हातारी झाली असेल. एकदा बघून येते. गाडी आलीच आहे तर."

"जा ना," फॅनियस म्हणाला. "थंडी पडलीय. पांघरूण घे." त्यानं स्वतः उठून तिला गाडीत बसवलं आणि गुडघ्यांवर कांबळं नीट खोचलं.

रुबेलियस खेचराचा लगाम धरून पायी चालला. उतार संपला, सपाटी लागली, रस्त्याच्या कडेची थडगी सुरू झाली, तरी दोघांत एक शब्द झाला नाही. आयुष्यभर ज्याचं तोंड कधी अडलं नाही त्याला साधं 'पाणी हवंय का' एवढं विचारायचा धीर होत नव्हता. वेशीच्या अलीकडे मनिलियाच बोलली.

"तू आलास त्या दिवसानंतर यांनी मला एका शब्दानं टोचलं नाही. उलट म्हणाले, तू माझ्यासाठी गेलीस." ती समोर बघत होती. "ओरडले असते तर बरं झालं असतं. तुला सांगून काय उपयोग म्हणा."

रुबेलियस लगाम धरून चालत राहिला. 

बहिणीचं घर उतरणीच्या गल्लीत, एका भट्टीच्या वर होतं. गाडी थांबली. रुबेलियसनं हात पुढे केला, पण मनिलिया गाडीच्या कडेला धरून आपली आपण उतरली आणि बोचकं काखेत मारलं. भट्टीवाला दारात येऊन बघायला लागला. रुबेलियसला ओळखून त्याचा चेहरा फुलला. "अहो, तुमचं परवाचं भाषण! आमच्या सासूबाई अजून रडतायत बघा!"

मनिलियानं त्या माणसाकडे पाहिलं, मग रुबेलियसकडे पाहिलं.

"परत न्यायला कधी येऊ?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"नको येऊस," ती म्हणाली. "माझी मी जाईन."

ती जिना चढून वर गेली. वरून दार उघडल्याचा आवाज आला, एका म्हाताऱ्या बाईनं तिचं नाव मोठ्यानं घेतलं, आणि मग दोघींचं रडणं ऐकू आलं. भट्टीवाला गरम पाव घेऊन पुढे आला होता. घ्याच, पैसे नकोत, म्हणत होता. रुबेलियसनं मान खाली घालून गाडी वळवली. गल्ली अरुंद होती, गाडी वळायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात आजूबाजूच्या खिडक्यांतून माणसं डोकावून त्याला आदरानं हाका मारत राहिली.